नजरेआड होईपर्यंत

परवा आम्ही दोघं सासूबाईंना विमानतळावर सोडायला गेलो होतो. सहा महिने इथे परदेशात, शॉमबर्गला आमच्याकडे राहून त्या साताऱ्याला परत निघाल्या होत्या... एकट्याच.

आमच्याकडे रीत अशी की गावाला जाणारं माणूस वळणावर दिसेनासं होईपर्यंत दारातून हलायचं नाही. आणि ते सुखरूप पोहोचल्याचं कळेपर्यंत घरात केर काढायचा नाही. इथे मात्र सिक्युरिटीच्या दोरीपाशीच आपला हात सुटतो, पुढचं काही दिसत नाही.

म्हणून मी ऐकते! माझ्याकडे एक जुना स्कॅनर आहे. समोरच्या गोऱ्या आजींनी घर आवरताना जुन्या सामानाच्या गराज सेलमध्ये विकायला काढला होता, मी घासाघीस करून घेतला. वॉकीटॉकीएवढंच यंत्र, पण त्यावर फायर ब्रिगेडची, अँब्युलन्सची, विमानांची बोलणी ऐकू येतात. महिन्याचं बिल नाही, हा त्याचा मोठा गुण. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली... इंग्रजीचा कान मला या डब्यानेच दिला. स्वयंपाक करताना तो ओट्यावर चालूच असतो.

आल्या आल्या आई म्हणाल्या होत्या, "हा कसला गं रेडिओ? ना अभंग, ना बातम्या, नुसती खरखर!" पण महिनाभरात त्याही खुर्ची ओढून बसायला लागल्या. इंग्रजी कळत नव्हतं, तरी 'अँब्युलन्स' शब्द आला की भाजी निवडता निवडता हात जोडायच्या. "जो कोणी असेल त्याला सांभाळ रे महाराजा."

तर परवा आईंच्या हातावर दही ठेवून निघालो. त्यांना व्हीलचेअरवर बसवून दिलं आणि आम्ही दोघं विमानतळाजवळच्या फुकट पार्किंगमध्ये गाडी लावून बसलो. माझा नेहमीचा शिरस्ता. विमान उडेपर्यंत मी ऐकते आणि आमचे हे डब्यातली पोळी-भाजी संपवतात. "लोक हात हलवून निरोप देतात, तू अँटेना हलवून दे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

विमान गेटवरून निघालं. फ्लाइट नंबर ऐकला, मला बरं वाटलं. आता धावपट्टी, मग वर, मग टॉवरचा निरोप घेताना पायलटचं "गुड डे"... की झालं आमचं वळण.

तेवढ्यात पायलट म्हणाला की आम्हाला गेटवर परत यायचंय, एक पॅसेंजर आजारी आहे. टॉवरवाल्याने अँब्युलन्स हवी का विचारलं. "हो. वयस्क बाई आहेत."

ह्यांनी पोळी तशीच ठेवून लगेच आईंना फोन लावला. बंद. पुन्हा लावला... बंद. आईंना बीपी आहे. सकाळपासून त्या नीट जेवल्याही नव्हत्या. एरवी माझी थट्टा करणाऱ्या ह्यांनी स्वतःच स्कॅनरचा आवाज वाढवला, पण त्यावर आता दुसरीच विमानं बोलत होती.

मी डोळे मिटले. "दत्तगुरू, आमच्या आई नसू देत... आमच्या आई नसू देत..." एवढंच तोंडात. किती वेळ, ठाऊक नाही.

मग ह्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. स्पीकरवर टाकला तर आईंचा खणखणीत आवाज!

"अरे, तिला सांग मी बरी आहे. मागच्या सीटवरच्या बाईंच्या फोनवरून बोलतेय. म्हटलं, ही तिथे पार्किंगमध्ये कान लावून बसली असेल आणि जिवाला घोर लावून घेईल."

मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"माझ्या पलीकडच्या रांगेतल्या बाई आहेत गं," आई पुढे म्हणाल्या. "माझ्याच वयाच्या, एकट्याच निघाल्यात. त्यांना खाली नेईपर्यंत मी हात धरून बसले होते. त्यांच्यासाठी हात जोड हो."

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "सुटलो बाबा. आपली आई नव्हती." हात तर मी केव्हापासूनच जोडून बसले होते... पण मागितलं काय होतं? आमच्या आई नकोत, म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी आई चालेल, असंच ना? देवाने तरी काय करावं!

पुढे बऱ्याच वेळाने विमान उडालं. पायलटचं "गुड डे" ऐकलं आणि मगच आम्ही गाडी सुरू केली.

काल आईंचा साताऱ्याहून फोन आला, पोहोचल्या. रीतीप्रमाणे मी झाडू हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. त्या दुसऱ्या बाई पोहोचल्या की नाहीत? स्कॅनरचं हे असंच आहे. कुणावर संकट आलं ते कळतं, पुढे काय झालं ते कधीच कळत नाही. त्यांच्याही घरी कुणीतरी केर काढायचं थांबलं असेल.

शेवटी केर काढला, घर ते घर. पण आधी देवापाशी दिवा लावला. संध्याकाळी कणीक मळत होते, तेव्हा स्कॅनरवर अँब्युलन्सची हाक आली. पूर्वी मी आधी पत्ता ऐकायचे, आपल्या ओळखीतलं कुणी नाही ना म्हणून. काल पत्ता येण्याआधीच पिठाचे हात तसेच जोडले गेले...

जो कोणी असेल त्याला सांभाळ रे महाराजा. आई, तुमची खुर्ची ओट्यापाशीच ठेवली आहे.