लागू पडलेला कागद

विजयमालावैनींना कुणी खोटं पाडलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी नानासो. माधवनगरच्या एका हळद निर्यात कंपनीत गोडाऊन सांभाळतो. पोत्यांचा माणूस, इंग्रजी माझं यथातथाच. पण खरं काय नि खोटं काय एवढं कळतं, आणि गेल्या श्रावणात आमच्या ऑफिसात जे झालं ते धडधडीत खोटं होतं.

वैनी इस्लामपूरकडच्या. नवरा फौजेत होता, गेला तेव्हा ह्या तेहतीस वर्षांच्या. पेन्शन अडकलेली. बारावीच्या इंग्रजीवर त्यांनी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज लिहिला, इस्लामपुरात टायपिंगच्या दुकानात टाईप करून घेतला, आणि दीड महिन्यात पेन्शन सुरू झाली. झालं, गावातल्या सगळ्या फौजी बाया यांच्या दारात. हरणाबाई म्हणून एक म्हातारी होती, ती तर अडूनच बसली. "माझा अर्ज त्याच कागदावर कर बाई. त्यो लागू पडल्याला कागद हाय." म्हणजे काय, तर कॉम्प्युटरवर जुनाच अर्ज उघडायचा, आतला मजकूर पुसून नवा लिहायचा आणि दुसऱ्या नावानं ठेवायचा. कोरं पान घ्यायचं नाही, अपशकुन होतो. वैनींनी असे साठ-सत्तर अर्ज केले, तेही फुकट. एकही बाई हात हलवत परत आली नाही.

चौदा वर्षांपूर्वी त्या आमच्याकडं लागल्या, तेव्हा तो कागद पेनड्राइव्हमधून बरोबर घेऊनच आल्या. दुबईला पहिलं पत्र त्याच कागदावर गेलं आणि ऑर्डर आली. मग काय विचारता, अख्खं ऑफिस त्याच कागदावर लिहायला लागलं. खोटं कशाला बोलू, माझा रजेचा अर्जसुद्धा त्याच्यावरच असतो.

यंदा नवे मॅनेजर आले, सौमित्र साहेब. सांगलीचे, शिकलेले, माणूस वाईट नाही, पण घाई फार. त्यांनी सगळ्या कॉम्प्युटरांत इंग्रजी व्याकरण तपासणारं एक ॲड-ऑन टाकलं. वाक्य चुकलं की खाली निळी नागमोडी रेघ येणार, म्हणाले. आणि आठवड्याच्या आतच दुबईवाल्यानं वैनींचं एक पत्र परत पाठवलं, पाच ठिकाणी लाल गोल करून.

साहेबांनी वैनींना बोलावलं नाही, विचारलं नाही. सरळ स्टाफच्या ग्रुपवर लिहिलं की मॅडमनी तपासणी बंद करून पत्र पाठवलं, सोमवारपासून इंग्रजी पत्रं पुण्याची एजन्सी लिहील आणि मॅडम गोडाऊनला बसतील. बावीस माणसांनी ते वाचलं. वार होता बुधवार.

वैनी गोडाऊनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "नानासो, मी त्याला हात लावल्याला न्हाई."

"ठावं हाय मला. या हिकडं, सावलीला खुर्ची टाकतो. पोती मोजत बसा निवांत."

वैनी दारातनं हलल्या नाहीत. "पोती बी मोजीन. पण खोटी ठरून न्हाई येणार."

गुरुवारी त्यांनी वही काढली आणि काय काय करून बघितलं ते ओळीनं लिहायला लागल्या. ॲड-ऑन यादीत होतं, चालू होतं. काढून परत टाकलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. रेघ काही येईना. सांगलीहून दुरुस्तीवाला आला, त्यानं दोन बटणं दाबली आणि म्हणाला, मशीन म्हातारं झालंय, नवं घ्या. मी म्हटलं, माझाबी गुडघा म्हातारा झालाय, पाय तोडून टाकू काय? तो तोंड वाकडं करून गेला.

शुक्रवारी दुपारी मी चहा घेऊन गेलो, तर वैनींनी त्या पत्रात मुद्दाम एक बिनडोक वाक्य लिहून ठेवलेलं. तरी रेघ नाही. मी आपलं सहज म्हटलं, "कोऱ्या पानावर टाकून बगा की."

त्यांचा हात थांबला. इतक्या वर्षांत या बाईनं कोरं पान उघडलं नव्हतं. मग उघडलं आणि तेच वाक्य तिथं लिहिलं. खाली निळी रेघ आली. मी चहा सांडला.

ॲड-ऑन ठणठणीत होतं. वैनींनी पत्रातला मजकूर उचलून कोऱ्या पानावर आणला, तर त्याच्याखाली एकही रेघ नाही. म्हणजे दुखणं पत्रातच होतं, आणि मजकुराबरोबर तेही हिंडत होतं. मग दोन्ही पानं शेजारी-शेजारी ठेवून त्या बारीक नजरेनं बघायला लागल्या. स्क्रीनच्या अगदी खालच्या पट्टीत मजकुराची भाषा लिहिलेली असते. कोऱ्या पानाला इंग्रजी होती. पत्राला भाषाच नव्हती, तपासू नये अशी खूण होती. वैनींनी सगळं पत्र निवडलं, भाषा इंग्रजी केली, आणि पटापट रेघा उमटल्या. दुबईवाल्यानं गोल केलेल्या पाचही जागा, आणि वर आमचं ते बिनडोक वाक्य.

त्यांनी इस्लामपूरच्या त्या टायपिंगवाल्याला फोन लावला. तो हसायलाच लागला. "व्हय वैनी, तपासनं मीच बंद केल्यालं. तवा मराठी जुन्या फाँटात टंकायचो. मशीनला ती इंग्रजीच वाटायची, समद्या पानावर तांबड्या रेघा यायच्या. तुमच्या अर्जाला वर मराठी मथळा हुता न्हवं?"

शनिवारी वैनी साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच ठेवलं. मी पावती पुस्तक घ्यायला आल्यासारखा बाहेर उभा होतो, आणि मी एकटाच नव्हतो.

"साहेब, तुमचं परवाचं पत्र उघडा."

पत्र स्वच्छ, एक रेघ नाही. वैनींनी भाषा बदलून दिली. नऊ रेघा आल्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे आपल्या सगळ्यांचीच पत्रं..."

"सगळ्यांची. समदी त्याच एका कागदावरनं निघाल्यात. आता नवा केलाय, भाषा नीट लावलीय. सोमवारपासनं ह्याच्यावर लिवायचं."

साहेबांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "मॅडम, एजन्सीला नको म्हणून कळवून टाका." दहा मिनिटांत वैनींनी पत्र लिहिलं, तपासलं, छापून टेबलावर ठेवलं. साहेबांनी पेन उघडलं. वैनींनी कागदावर हात ठेवला.

"सही मागनं करा. ग्रुपवर बावीस जणांनी वाचलंय, ती बी चूकच हाय. तिच्याखाली रेघ कुणी वढायची?"

 मला वाटलं आता साहेब भडकणार. पण ते उठले, बाहेर आमच्यात येऊन उभे राहिले आणि हमालांनाही ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडमनी तपासणी बंद केली नव्हती. मी न विचारता लिहिलं. चूक माझी आहे." फोन काढून तेच शब्द ग्रुपवरही टाकले. आमचे सगळ्यांचे फोन एकदम वाजले. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली.

वैनींनी कागदावरचा हात काढला आणि कागद पुढं सरकवला.

"हां. आता करा सही."