रामटेके सिस्टरांचं अंगण आणि आपलं सभागृह

गौरवग्रंथात गोड लिहायचं असतं हे मला कळतं. संपादक अनिलजींनी तसं फोन करून सुचवलंही. पण ज्यांच्यावर लिहायचं त्या विमलताई रामटेके आहेत, आणि नुसतं गोड लिहिलं तर त्याच मला घरी बोलावून झापतील. शिवाय ज्या मंडळाने हा ग्रंथ काढला त्या जबलपूरच्या आपल्या मराठी मंडळावर माझा राग आहे, आणि तो गिळून लिहायला बसलं की पेन पुढे सरकत नाही. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं. नाही घेतलं तरी चालेल.

सिस्टरांची आणि माझी ओळख फॅक्टरीच्या इस्पितळात झाली. मी औषधांच्या खिडकीवर नवीनच लागले होते आणि त्या पुरुषांच्या वॉर्डात होत्या. आमचे हेड कंपाउंडर सगळ्यांना औषधाची पुडी हातात द्यायचे, फक्त सफाई कामगार आला की पुडी फळीवर टाकायचे, लांबूनच. एके सकाळी सिस्टर मागून आल्या. त्यांनी ती पुडी उचलली, आत येऊन कंपाउंडरांच्या पुढ्यात ठेवली आणि अगदी नम्रपणे म्हणाल्या, "साहेब, ही तुमच्या हातून पडली वाटते. आता नीट द्या." रांग थांबली. कंपाउंडरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. शेवटी पुडी हातात गेली. मग सिस्टर माझ्याकडे वळल्या. "नवीन हायेस ना वं तू? पाहून घे. औषध असं देतात." त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

सिस्टरांचे वडील भंडाऱ्याकडून फॅक्टरीच्या कामासाठी जबलपूरला आले. विहिरीपासून लांब घागर घेऊन कोणी पाणी ओतण्याची वाट पाहत उभं राहायचं, हे त्यांच्या आजीने स्वतः केलेलं. बौद्ध घर, शिक्षणाचा ध्यास, आणि अपमान दिसला की तो आपला असो की परक्याचा, अंगावर घ्यायची सवय. ही सवय निवृत्तीनंतर जाईल असं त्यांच्या मुलाला वाटत होतं. बिचारा!

निवृत्तीनंतर त्या महाराजपूरला राहू लागल्या आणि घरोघरी इंजेक्शनं द्यायला जाऊ लागल्या. एकदा विजय नगरात एका बाईंकडे गेल्या असताना दारात एक मुलगी आली. टांझानियाची, शेतकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आलेली, नाव रेहेमा. फाटकावर 'किराये से देना है'ची पाटी होती आणि फोनवर सगळं ठरलेलं होतं. बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "सॉरी बेटा, कमरा तो अभी-अभी उठ गया." मुलगी बॅग उचलून वळली, कारण तिच्यासाठी ते नवीन नव्हतं. सिस्टर सांगतात, आयुष्यात पहिल्यांदा इंजेक्शन देताना त्यांचा हात जरा जड पडला. मग त्यांनी पिशवी आवरली, रस्त्यात रेहेमाला गाठलं आणि म्हणाल्या, "चलो मेरे साथ. ऊपर का कमरा खाली है, और अभी-अभी नहीं उठा."

त्यानंतर कॉलनीने जे केलं ते लिहायला मला संकोच नाही, संकोच ते करणाऱ्यांना वाटायला हवा होता. ही मुलगी काय खाते, रात्री कोण येतं, पोलिसांत नाव दिलं का, असे प्रश्न सुरू झाले. चांगली शिकलेली, पेन्शनवाली माणसं! पोरं मागून 'कालिया' म्हणून हाक मारायची आणि आयाबाया गच्चीवरून हसायच्या. रेहेमाने एके दिवशी मक्याच्या पिठाची उगाली केली, तर सिस्टर म्हणाल्या, "हा तं आपला ज्वारीचा घाटाच हाय, जरा घट्ट." आणि वाटी घेऊन स्वतः समोरच्या जैस्वालबाईंकडे गेल्या. "घ्या, चौकशी करून राहिले होते ना, काय खाते म्हणून. खाऊन पहा." जैस्वालबाईंनी खाल्ली. चौकशी मात्र थांबली नाही.

आता आपल्या मंडळाकडे येते. रेहेमा आल्याच्या पहिल्याच वर्षी सिस्टरांनी मंडळाला सुचवलं की आपल्या शहरात आफ्रिकेतली एवढी मुलं शिकतात, त्यांच्या इतिहासाची, गाण्यांची, खाण्यापिण्याची एक संध्याकाळ आपण फेब्रुवारीत करू; काही देशांत तो काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळतात. कार्यकारिणीने होकार दिला. रेहेमाने महिनाभर तयारी केली. समुद्रावरून माणसं गुलाम म्हणून कशी विकली गेली, त्यांतली किती आपल्या कोकणात, गुजरातेत, कर्नाटकात उतरली, अहमदनगरच्या निजामशाहीचा डोलारा ज्या हबशी वजिराने तोलून धरला तो लहानपणी कसा बाजारात विकला गेला होता, हे सगळं ती हिंदीतून सांगणार होती. सिस्टरांसमोर उभी राहून घोटून घोटून पाठ केलं होतं तिने.

आणि आपल्या सांस्कृतिक समितीने काय केलं? 'स्वागतनृत्य' बसवलं. दहा-बारा मुलं काजळाने काळी केलेली, कमरेला अशोकाची पानं, हातात भाले, तोंडाने हुर्र हुर्र. पाहुणे, म्हणजे आफ्रिकेतले विद्यार्थी, पहिल्या रांगेत बसलेले. सभागृह टाळ्या वाजवत होतं. मी तिथे होते. रेहेमाच्या मांडीवर तिचे कागद होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती. वर बघत नव्हती.

सिस्टर उठल्या. बाहेरच्या नळावरून बादली भरून आणली, स्टेजवर चढल्या, नाच थांबवला आणि खाली बसून आपल्या ओल्या नॅपकिनने पहिल्या मुलाचं तोंड पुसायला लागल्या. वॉर्डात पुसायच्या तसं, कानामागून, मानेवरून. "क्या बने हो बेटा?" त्यांनी विचारलं. माईक चालू होता. तो म्हणाला, "आजी, हम जंगली बने हैं." सभागृहात काहीजण हसले, अजूनही! तेव्हा रेहेमा वर गेली. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "मैं वहीं से हूँ. मैं ऐसी हूँ क्या?" त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. नाही म्हणून. मग तिनेही दुसरा रुमाल भिजवला.

सिस्टर माईकवर एवढंच बोलल्या, "ज्याले पाहुणा म्हणून बोलावलं त्याचंच सोंग काढून राहिले तुम्ही. आणि काळं हे अंगाले लावायचं सोंग नाही. आता या पोरीचं ऐका." पण ऐकायला मिळालं नाही. आपल्या सचिवांनी खूण केली, माईक बंद झाला, आणि पडदा पडला. सचिवांचं नाव घेत नाही. सुरुवातीच्या पानांवर त्यांचा फोटो आहेच, गळ्यात हार घालून काढलेला.

'हेतू चांगला होता' हे वाक्य त्यानंतर मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता कोणी उच्चारलं तर मला उठून जावंसं वाटतं. हेतू चांगला होता, तर दुसऱ्या दिवशी रेहेमाच्या घरी कोण गेलं? कोणीही नाही. उलट सिस्टरांनाच पत्र गेलं, शिस्तभंगाचं. लहान मुलांचा हिरमोड केला म्हणे! मुलांना काय, ती तर तोंड धुऊन रेहेमाने करून आणलेल्या सांबूशांवर, म्हणजे तिकडच्या समोशांवर, तुटून पडली होती. हिरमोड मोठ्यांचा झाला होता.

पुढच्या फेब्रुवारीत सिस्टरांनी पुन्हा सभागृह मागितलं. म्हणाले, दुरुस्ती आहे. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाले, बैठकीत विषय घेऊ. मग एकदा सचिवांनी तोंडावरच विचारलं, "आपल्या मंडळाचा आणि आफ्रिकेचा संबंध काय?" काय हो, ज्या गनिमी काव्याचा आपण छाती फुगवून अभिमान बाळगतो, त्या काव्याने मोगलांना जेरीला आणणारा तो हबशी वजीर आणि त्याच्या पदरचे मराठे सरदार शाळेच्या पुस्तकात वाचले नाहीत तुम्ही? आणि संबंधच काढायचा तर दुसरा काढते. या हिंदी मुलखात आपली मागची पिढी गणपती बसवायला जागा मागत दारोदार फिरली होती. आपल्या बोलण्याची नक्कल करून लोक हसायचे तेव्हा आपल्याला कसं वाटायचं? एवढ्यात विसरलो?

सिस्टर भांडल्या, पण थांबल्या नाहीत. त्यांनी आपल्या अंगणात खुर्च्या मांडल्या. दर फेब्रुवारीत एक संध्याकाळ असते. अंगण सारवायला मी जाते, चहा जैस्वालबाई करतात. होय, त्याच जैस्वालबाई. सुदानचा जोसेफ ढोल वाजवतो, रेहेमा सांगते. एका वर्षी तिने समुद्रापलीकडच्या काळ्या लोकांचं सांगितलं, ज्यांना बसमध्ये मागे बसावं लागे आणि मत द्यायला रस्त्यावर उतरावं लागलं. तेव्हा सिस्टरांनी आपल्या आजीची घागर सांगितली. कोणी कोणाचं दुःख मोठं असं मोजलं नाही. एक तरुण मुलगा म्हणाला, "आंटी, काला बोलना अच्छा नहीं लगता, कुछ और बोलिए ना." सिस्टर म्हणाल्या, "काळ्याले काळा म्हणायची लाज काहून? लाज आपल्या वागण्याची वाटू दे." त्या मुलाला मराठी समजतं, बोलता येत नाही. पण त्याला ते कळलं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं.

सिस्टरांचा खट्याळपणाही नोंदवला पाहिजे. रेहेमाने त्यांना कांगा नावाचं तिच्या देशातलं कापड दिलं. त्याच्या काठावर एक ओळ छापलेली असते आणि बायका ती बोलण्याऐवजी नेसून दाखवतात. सिस्टरांच्या कांग्यावरच्या ओळीचा अर्थ असा, की शेजारणी, तुझं बोलणं तुझ्या घरी ठेव. सिस्टरांनी अर्थ विचारून घेतला आणि ज्या घरातून रेहेमाविरुद्ध पोलिसांत तक्रार गेली होती त्या घरासमोरच्या तारेवर तो कांगा आठवडाभर वाळत घातला. "वाळला नाही का अजून?" मी विचारलं. "अवं, जाड कापड हाय," म्हणाल्या.

मायाही तेवढीच. रेहेमाचे वडील गेले तेव्हा तिला जाता आलं नाही. सिस्टर तिच्या खोलीत जमिनीवर झोपल्या, ती नीट जेवू लागेपर्यंत. त्याबद्दल बोललेलं त्यांना आवडत नाही, म्हणून एवढंच लिहिते.

आता रेहेमाचं संशोधन पूर्ण झालं आहे आणि या महिनाअखेर ती मायदेशी जाते आहे. इतकी वर्षं या शहरात राहून, आपलं मराठी समजू लागून, जे भाषण तिने आपल्यासाठी पाठ केलं होतं ते आपल्या सभागृहात न करताच ती जाणार, ही सिस्टरांच्या जिवाला लागलेली गोष्ट आहे. पंचाहत्तरीचा सत्कार त्यांना नकोच होता. शाली ठेवायला कपाटात जागा नाही, म्हणाल्या. मग मुखपृष्ठासाठी त्यांनी फोटो दिला, अंगणातला, शेजारी रेहेमा. समितीने रेहेमाला कापून काढलं आणि नमुना पाठवला. फोटोत सिस्टरांच्या खांद्यावर नुसती चार बोटं उरली होती!

तो नमुना पाहून सिस्टर मंडळात गेल्या. पत्रिका छापून झाल्या होत्या, प्रमुख पाहुणे ठरले होते, श्रीखंडाची ऑर्डर गेली होती. सिस्टर खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "फोटो पूर्ण छापा. कुंदाचा लेख कापू नका. नाही तं मी येत नाही, श्रीखंड तुम्हीच खा." दोन्ही कबूल झालं. म्हणून मुखपृष्ठावर दोघी आहेत आणि म्हणून हा लेख तुम्ही असा वाचता आहात. अनिलजींनी शब्द पाळला, त्यांचे आभार.

घरी परतताना त्यांनी मला खरं कारण सांगितलं. सत्कारमूर्तीला शेवटी बोलायला देतात. सत्काराला उत्तर. त्या वेळी माईक बंद करायची आपल्यात पद्धत नाही, अध्यक्षसुद्धा घड्याळ दाखवत नाहीत. "ते माझं बोलणं असते ना? मी ते रेहेमाले देणार," सिस्टर म्हणाल्या. मी म्हटलं, मग कोणाला कळू देऊ नका, गुपचूप करू. त्या माझ्यावर चिडल्या. "चोरून काहून? लेखात लिहून टाक. ज्याले उठून जायचं त्याले आधीच ठरवू दे."

म्हणून लिहिते आहे. प्रकाशन झाल्यावर हा ग्रंथ तुमच्या हातात पडेल, हार-शाल होईल, पाहुणे बोलतील. मग सिस्टर उठतील, आणि माईकपाशी रेहेमा उभी राहील. जवळपास वीस मिनिटं बोलेल. जे ऐकायला तुम्ही तेव्हा नकार दिलात, तेच ती बोलेल.

सिस्टर, तुमचे गुडघे धड राहोत, रक्तदाब ताब्यात राहो, आणि हा राग तुम्हाला शंभरी पार करून नेवो. सभागृहातल्या मंडळींनाही सिस्टरांसाठी दीर्घायुष्य मागायचं असेल, तर त्यांनी ते त्या वीस मिनिटांत आपापल्या खुर्चीवर बसून मागावं. जे उठून जातील, त्यांनी आपल्या शुभेच्छा सोबत घेऊन जाव्यात.