परत द्यायची देणगी

माणसावर पटकन विश्वास टाकायची सवय मला कधीच नव्हती. आजही दारात कुणी गोड बोलू लागलं की मी आधी त्याच्या हातात काय आहे ते बघते. ही खोड लहानपणची.

मानमोडीच्या साथीत माझं घरदार गेलं आणि मी पुण्यात मिशनच्या अनाथालयात वाढले. सात वर्षांची असताना लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती जोडप्याने मला घरी आणलं. वडील रेल्वेत फिटर, आई मुलींच्या शाळेत शिक्षिका. चर्चमध्ये कुणी विचारलं की आई माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगे, "ही आमची देवाची देणगी." ऐकणाऱ्यांना भरून येई. मला घाम फुटे. अनाथालयात देणगी यायची ती जुन्या कपड्यांची, आणि कुणाच्याच अंगाला न बसलेले कपडे तिथल्या बाई परत पाठवून देत. माझ्या आधी एका मुलीलाही दुसऱ्या एका घराने असंच नेऊन महिन्याभरात परत आणून सोडलं होतं. अंथरूण ओलं करते म्हणून.

तेव्हा मी अंथरूण कोरडं ठेवलं, प्रार्थना पाठ केली, दुसऱ्यांदा भात मागितला नाही. एक गोष्ट मात्र आवरत नसे. चिकणमाती दिसली की हात शिवशिवायचे. चाळीमागच्या भातखाचरातून मूठभर माती आणायची, तिचे बैल, म्हशी, कोंबड्या करायच्या आणि पलंगाखाली लपवायच्या. आईला त्या सापडल्या की ती ओठ आवळून सगळं खाचरात टाकून येई आणि माझे हात लाल होईस्तोवर घासून धुई. आपल्यात मूर्ती म्हणजे पाप, म्हणून तिला राग येतो, असा मी अर्थ लावला.

भाद्रपदातल्या पोळ्याला आमच्याकडे दूध घालणाऱ्या भुशीच्या मावशीने माझ्याकडून गुपचूप एक बैलजोडी नेली. दुसऱ्या दिवशी ती जोडी घेऊन ती थेट आईपुढे उभी राहिली. बैलांच्या कपाळावर हळदकुंकू.

"बाई, पोरीच्या हाताला लय गुण हाय. आमी ह्येच पुजलं बगा. कुटं शिकली वो ही?"

"कुठंच नाही," आई म्हणाली आणि तिच्या हातातल्या पातेल्यातलं दूध सांडलं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

रविवारी उपासनेहून आल्यावर मी दाराआड बूट पुसत होते. आत दोघं बोलत होती.

"देणगी अशी दाबून ठेवायची नसते," वडील म्हणाले. "ज्याच्या हाती फुलेल, त्याच्याकडे नेऊन द्यावी."

आई म्हणाली, "उद्या शाळेला सुट्टी आहे, जाते घेऊन. पण माझा जीव धजत नाही हो."

मी दोन फ्रॉक, कंगवा आणि उरलेली एक मातीची कोंबडी गाठोड्यात बांधली. कुणी हाकलायच्या आत आपणच उठलेलं बरं, असा माझा ताठा. स्टेशनवर आईचं गाठोड्याकडे लक्ष गेलं.

"हे कशाला?"

"लागेल," मी म्हटलं. ती पांढरीफटक पडली.

गाडी पुण्याकडे निघाली तशी माझी खात्रीच पटली. पण कामशेतला आईने मला उतरवलं आणि बेडशाच्या वाटेवरच्या एका म्हाताऱ्या कुंभारणीच्या अंगणात नेलं. वाट भुशीच्या मावशीनेच सांगितली होती, हे मला पुढे कळलं. त्या घडीला एवढंच वाटलं, की अनाथालयालाही मी नको आहे, मला हिच्या गळ्यात बांधणार.

म्हातारीने माझे हात उलटेपालटे करून पाहिले. "बस हितं," म्हणाली आणि पुढ्यात मातीचा गोळा टाकला. मी तो रागारागाने बडवला. रागाचाही बैलच झाला.

"शिंगं बारीक करू नगंस. भट्टीत मोडत्याल."

दिवसभर मी शिंगं जाड करत होते आणि आई पडवीत माझं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. उन्हं कलली तशी म्हातारी तिला म्हणाली, "न्या आता लेकीला. पुढल्या सुट्टीला आना."

मला काही उमजेना. "मला इथं ठेवून नाही जाणार?"

"ठेवून? गाठोडं तर तूच बांधलंस! मला वाटलं, तू आमचं बोलणं ऐकलंस आणि तुलाच इथं राहायचंय." आईने गाठोडं माझ्यापुढे धरलं. "तुझी माणसं कुंभार होती, असं अनाथालयातल्या बाई म्हणाल्या होत्या. तुझ्या हातात माती दिसली की मला धडकी भरायची. वाटायचं, ही माती तुला एक दिवस परत घेऊन जाणार."

"पण देणगी नेऊन द्यायची, असं बाबाच म्हणाले."

आईने मला ओढून घट्ट धरलं. "अगं वेडे, देणगी म्हणजे तुझ्या हातातला गुण! तू नव्हे गं, तू नव्हे!" आणि ती परक्या अंगणात हुंदके देऊन रडली.

परतीच्या गाडीत तिने माझे मातीचे हात धुतले नाहीत. तसेच आपल्या पांढऱ्या लुगड्यावर धरून बसली. पुढच्या रविवारी चर्चमध्ये एका नव्या बाईंनी विचारलं, ही कोण? आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला, जराशी थांबली आणि म्हणाली, "आमची मुलगी."

गाठोडं मात्र मी आणखी महिनाभर सोडलं नाही. आईला ते ठाऊक होतं. पलंगाखालचा केर काढताना ती ते उचलायची, वरची धूळ झटकायची आणि होतं तिथंच ठेवून द्यायची.