यादीतला नऊ नंबर

आर्लिस हॉगस्टडला कुणी विचारलं, "तुझ्या जागेत हरणाचा मोठा नर किती वेळा मिळतो गं?" तर ती उलट विचारायची, "मिळतो म्हणजे काय? शेपूट दिसते ते, की छाती दिसते ते?"

शेपूट दरसाल दिसते. पांढरी, ताठ, पळती. छाती दिसणं वेगळं. हरीण उभं पाहिजे, मधे फांदी नको, पलीकडे रस्ता नको आणि आपली बोटं गारठलेली नकोत. असा योग साधून आर्लिसने चव्वेचाळीस हंगामांत तेरा वेळा गोळी झाडली होती. त्यातले अकरा तरणे नर. ते तिने मारले, सोलले, खाल्ले. दोनदा खरा जाणता नर समोर आला आणि दोन्ही वेळा गोळी ओकच्या खोडात गेली. तिचा नवरा मर्लिन सगळ्यांना सांगायचा, "आमच्या ओकांत आता इतकं शिसं आहे, की करवतवाले कंपाउंडात पाय टाकत नाहीत."

मर्लिनने स्वतः कधी बंदूक धरली नाही. चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, तेवढी थंडी त्याला पुरली. आर्लिसने एकतीस वर्षं गावच्या चीज कारखान्यात दूध तपासलं. टँकरचं झाकण उघडलं की काचनळीच्या आधी तिचं नाक सांगायचं, हे परत पाठवा. ड्रायव्हर तिला घाबरायचे.

भिंतीवर मुंडकं टांगायची हौस तिला नव्हती. पण वडिलांनी ठेवलेल्या या सत्तर एकरांत सात-आठ हिवाळे माणसांना चकवून म्हातारं झालेलं एक तरी जनावर आपण आपल्या अकलेने गाठावं, एवढी एक इच्छा होती. जनावरही ठरलेलं होतं. डावा कान टोकापासून बुडापर्यंत चिरलेला एक नर. सहा वर्षांत तो तिला तीनदा दिसला होता. तिसऱ्यांदा, दोन वर्षांपूर्वी, तिने गोळी झाडली ती ओकात.

आणि यंदा घाई होती. तिचा उजवा खांदा पार झिजला होता. जानेवारीत सांधा बदलायचा होता आणि डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, त्या खांद्याला पुन्हा बंदुकीचा धक्का द्यायचा नाही. म्हणजे नोव्हेंबरातल्या शिकारीच्या हंगामाचे हे नऊ दिवस शेवटचे.

चार वर्षांपूर्वी शेजारची दोनशे एकर जागा कर्ट व्हँडरस्लूट नावाच्या शहरातल्या दातांच्या डॉक्टरने घेतली होती. सगळे त्याला डॉक म्हणत. त्याने आल्या आल्या शेजाऱ्यांचं मंडळ काढलं. नियम एकच: पाच वर्षांखालचा नर मारायचा नाही. पोरं वाढू द्या, म्हणजे दर दोन वर्षांनी प्रत्येकाला एक मोठा नर मिळेल. डॉकने आलेख काढून दाखवला. पलीकडचा दूधवाला शेतकरी रोलंड पिश्के म्हणाला, "आर्लिस, माणूस शिकलेला आहे, होऊ या सामील." ती झाली.

मग सगळ्यांच्या झाडांवर कॅमेरे आले. फोटो जायचे थेट डॉकच्या फोनवर. दर ऑक्टोबरला तो त्यातून यादी काढायचा: प्रत्येक नराचा फोटो, नंबर, वय आणि पुढे 'मारा' किंवा 'सोडा'. ती प्लास्टिकमध्ये बसवून घरोघर द्यायचा. नाताळला हरणीच्या मुताची बाटली भेट द्यायचा, नरांना भुलवायला. आर्लिसने ती उघडून हुंगली आणि गॅरेजमध्ये ठेवली. मर्लिन म्हणाला, "बाटलीत भरून मूत विकतात आणि लोक फीत बांधून वाटतात. आणि मी म्हणे बसमध्ये वाईट दिवस काढले."

किळस तेव्हापासूनच होती. पण आर्लिस छापील कागदाला मानणारी बाई. चार वर्षांत तिने पाच तरणे नर यादी पाहून सोडले आणि सॉसेज दुकानातून आणलं. मोठा नर एकदाच समोर आला, तो चिरलेल्या कानाचा, आणि ती गोळी ओकात गेली. डॉकला आले, दोन.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, ती घळीच्या तोंडाशी पडलेल्या झाडाला टेकून बसली होती. खांद्यामुळे मचाण तिने सोडलं होतं. आठ वाजून गेले होते. वरच्या रानातून एक नर उतरला आणि साठ पावलांवर आडवा उभा राहिला. उजवी बाजू तिच्याकडे. मधे एक काडी नाही.

तिने बंदूक खांद्याला लावली. पोट लोंबलेलं. पाठ मधे खचलेली. मान छातीत गेलेली, त्यामुळे पाय आखूड वाटत होते. म्हातारा आहे, तिच्या आतून कुणीतरी म्हणालं. पण शिंगं अगदीच बेताची: उजवीकडे तीन टोकं आणि पलीकडे एक आखूड, आत वळलेलं. ही शिंगं तिने पाहिली होती. तिने बंदूक मांडीवर घेतली, दातांनी हातमोजा ओढला, खिशातून यादी काढली. नऊ नंबर. उजव्या बाजूचा फोटो, तीच शिंगं, तेच वळलेलं टोक. वय तीन. सोडा.

तिने पुन्हा जनावराकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. कागदावर छापलेलं होतं. नर मिनिटभर उभा राहिला, जणू तिचा निकाल ऐकायला थांबलाय, आणि मग सावकाश कुंपणाच्या तारेखालून डॉकच्या जागेत गेला.

पाऊण तासाने तिकडे एकच गोळी वाजली.

दुपारी रोलंडचा फोन आला. "डॉकने मोठा मारलाय. ये, रस्सा पण आहे."

डॉकच्या शेडमध्ये नर आढ्याला टांगलेला होता, मुंडकं खाली. त्याखाली टेबल, टेबलावर इस्त्री केलेली नवी चादर आणि चादरीवर दर हिवाळ्यात गळून पडणाऱ्या शिंगांच्या चार जोड्या ओळीने मांडलेल्या. प्रत्येक जोडीला वर्षाची चिठ्ठी. डॉकचा मेहुणा कॅमेरा घेऊन स्टुलावर चढला होता.

"या, या आर्लिस!" डॉक ओरडला. "बघा तरी काय मिळालंय! चार वर्षांचा इतिहास आहे आमचा दोघांचा. दर वसंतात याची शिंगं शोधत फिरलोय मी. ही पहिली जोडी, ही दुसरी. ही तिसरी तर काय, अहाहा! ही गेल्या वर्षीची, इथून उतार लागला. आणि हा शेवट!"

आर्लिसने टांगलेल्या मुंडक्याकडे पाहिलं. आत वळलेलं टोक. नऊ नंबर. मग तिने वाकून त्याचा डावा कान हातात घेतला. टोकापासून बुडापर्यंत चिरलेला. चीर जुनी होती, कडांवर केस आलेले.

तिने अंगठ्याने ओठ बाजूला केला. दाढा हिरडीपर्यंत झिजून बशीसारख्या झाल्या होत्या.

"दातांचे डॉक्टर आहात तुम्ही," ती म्हणाली. "किती वर्षांचा?"

"आठ तरी. साडेआठ म्हणा."

"यादीत तीन आहे."

डॉक हसला. "हो ना! कॅमेऱ्याने फसवलं बघा आपल्याला. म्हातारपणी शिंगं आटतात, आणि त्या फोटोत उजवीच बाजू आलेली. ओळखूच आला नाही. खाली पडल्यावर जवळ जाऊन पाहतो तर, अरे, हा तर आपला आजोबा!"

"म्हणजे तीन वर्षांचा समजून मारलात?"

"नाही, तसं नाही. समोरून चालत आला ना, तेव्हा अंग बघून कळलं."

"खाली पडल्यावर कळलं की चालत येताना?"

रोलंडचा चमचा वाटीत थांबला.

"आणि ही चादर," आर्लिस म्हणाली. "ही इस्त्री कधी केली? नऊला मारलास, आता साडेबारा. ओढून आणला, टांगला, पोट साफ केलं, अंघोळ करून आलास. त्यात चार जोड्या शोधून चिठ्ठ्या पण लिहिल्यास?"

"चिठ्ठ्या आधीच्याच आहेत..." डॉक म्हणाला आणि चादरीचं टोक सारखं करू लागला.

मेहुणा स्टुलावरून उतरला. रोलंड म्हणाला, "डॉक, तुमच्याकडे याची डावी बाजू नव्हती का? माझ्या ओढ्यावरच्या कॅमेऱ्यासमोरून तो दोन्हीकडून जातो. सगळे फोटो तुम्हालाच येतात."

"हे पाहा, एवढ्या हजारो फोटोंत एखादी चूक—"

"माझ्यासमोर उभा होता," आर्लिस म्हणाली. "आठ वाजता. साठ पावलांवर. मी कागद काढून वाचला आणि त्याला तुझ्याकडे पाठवला. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं तुझ्या मळ्यात चरला असेल, आणि तू आरामात उठून मारलास."

"आर्लिस, पुढच्या वर्षी तुम्हाला पहिला मान देऊ. मी शब्द—"

"शब्द तुझ्या त्या बाटलीत भर."

तिला खरोखर किळस आली. रक्ताची नाही, रक्तात ती वाढली होती. त्या इस्त्रीच्या चादरीची. आणि गाडीत बसल्यावर तर स्वतःचीच शिसारी आली. त्याने लबाडी केली, ठीक. पण खचलेली पाठ कुणी पाहिली होती? ज्या नाकाने एकतीस वर्षं छापील आकड्याविरुद्ध टँकर परत पाठवले, ते नाक एका प्लास्टिकच्या कागदापुढे बंद कसं पडलं?

रविवारी, शेवटच्या दिवशी, ती पुन्हा त्याच जागी जाऊन बसली. मर्लिन म्हणाला, "आता कशाला? तो तर गेला."

"परवाना शिल्लक आहे," ती म्हणाली. हे खरं कारण नव्हतं, आणि मर्लिनलाही ते माहीत होतं.

दिवसभर खारी. चार वाजता, सूर्य कलताना, एक दीड वर्षाचा नर आला. डोक्यावर गुलेरीसारखी दोन बेचकी. चाळीस पावलांवर येऊन पानं हुंगायला लागला. मंडळाच्या नियमात सगळ्यात मोठं पाप म्हणजे याला मारणं.

आर्लिसने बंदुकीचा सुरक्षेचा खटका सरकवून उघडला. दोन दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं. याला मारायचं, ट्रकच्या मागे टाकायचं, फळी खाली सोडायची आणि डॉकच्या खिडकीसमोरून सावकाश न्यायचं. त्याचं तोंड कसं होईल ते तिला दिसलंसुद्धा. बंदुकीवरच्या दुर्बिणीत मात्र पोराचे कान दिसत होते. डोक्याच्या मानाने फार मोठे, एकही चीर नसलेले.

आपल्याला हा नकोच आहे, तिच्या लक्षात आलं. शुक्रवारी त्या माणसाने सोडायला लावला, म्हणून आपण सोडला. आज त्याच्यावर थुंकायला म्हणून मारणार. दोन्ही वेळा घोड्यावर बोट त्याचंच.

तिने सुरक्षेचा खटका पुन्हा बंद केला. आवाजाने पोराने मान वर केली, पण पळालं नाही. दोन पावलं पुढेच आलं.

"पळ ना रे मूर्खा!" ती उठून ओरडली.

ते पळालं. तारेवरून उडी मारून थेट डॉकच्या मळ्यात.

वरच्या वाटेवर मर्लिन ट्रकचा हीटर लावून बसला होता. तिने गोळ्या काढल्या, बंदूक मागे ठेवली, डाव्या हाताने दार ओढलं. उजवा आता वर जात नव्हता.

"काही?" मर्लिनने विचारलं.

"एक होता. सोडला."

"यादीवरून?"

"नाही. लहान होता म्हणून."

मर्लिनने हीटरची जाळी तिच्या खांद्याकडे वळवली आणि गाडी सुरू केली.

"आणि मागच्या रस्त्याने ने," ती म्हणाली. "त्याच्या फाटकावरून नको. जेवायचंय मला अजून."