‘नाही’ दाबायचा माझा सल्ला

मानोरा तालुक्यातल्या आमच्या घराण्यात पदवीधर झालेला मी पहिलाच. आई सकाळीच मजुरीला निघायची, म्हणून कॉलेजची तीन वर्षं शेजारच्या काकूंनी माझा डबा एसटीपर्यंत आणून दिला. अशा उपकारांची उतराई करायची मला फार घाई होती. एका रविवारी मी मारुतीच्या पारावर मोबाईल या विषयावर भाषणच ठोकलं.

टॉर्चच्या एका ॲपने माझ्याकडे सगळे फोन नंबर पाहायची परवानगी मागितली होती. माझा अभ्यास तेवढाच. “उजेड पाडाले नंबर कायले पाह्यजे? कोनतंबी ॲप काईबी मांगो, ‘नाही’ दाबा!” लोकांनी माना डोलावल्या. शिक्षण कामी आलं, असं मला वाटलं.

पीक नोंदवायच्या शेवटच्या दिवशी दुपारी काकूंचा वावरातून फोन आला.

“बापू, सातबाऱ्यावर सोयाबीन चढूनच नाही राह्यलं. आज नोंद नाही झाली तं कागदावर माहं वावर पडीत दिसन.”

मी धावत गेलो. त्यांच्या फोनवर पीक नोंदवायचं सरकारी ॲप उघडलं, तर ते पुढे सरकेना.

“काकू, यानं ठिकाण मांगलं होतं काय?”

“मांगलं ना, दोन डाव. दोन्ही डाव ‘नाही’ दाबलं. फोटोचं इचारलं, त्यालेबी ‘नाही’. तूनंच तं सांगतलं होतं!”

दोनदा नकार दिल्यावर ॲप पुन्हा विचारत नाही, हे माझ्या भाषणात नव्हतं. मलाच ते माहीत नव्हतं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून मी सेटिंग धुंडाळू लागलो.

“तुमी सोताच्याच वावरात उभ्या आहा, हे त्याले समजलं पाह्यजे. म्हणून ठिकाण. अन् सोयाबीन दिसाले कॅमेरा.”

“अन् टॉर्चले?”

“त्याले नंबराची गरज नाही.”

“म्हंजे काम काय अन् मांगते काय, हे पाह्याचं. मंग हो-नाही म्हनाचं.”

“हो.”

“एवढंच होतं तं त्या दिवशी घंटाभर काय सांगून राह्यला होता रे?”

मी पुन्हा सेटिंगमध्ये डोकं घातलं. ‘फक्त ॲप वापरताना’ हा पर्याय सापडला, फोटो निघाला, नोंद झाली. काकूंनी शेजारच्या वावराकडे तोंड करून हाक दिली, “या बाप्पा, भाषणवाला सापडला!”

पारावर माना डोलावणारे एकेक जण फोन घेऊन आले. दिवस मावळेपर्यंत मी ज्याच्या त्याच्या वावरात जाऊन माझेच ‘नाही’ खोडत हिंडलो. शेवटच्या फोनवर नोंद झाली तेव्हा फोनवाल्याने हात जोडले.

“पुढचं भाषण कधी हाय, तेवढं आधी सांगजो. मी त्या दिवशी कारंज्याले निघून जातो.”