नानांच्या खात्यातले दोन हजार

साक्री तालुक्यात सेतू केंद्र चालवायचं म्हणजे दिवसाला दहा अर्ज आणि वीस किस्से. बरेचसे विसरतो. कोरोनातल्या शेतकरी मदतीचे मात्र डोक्यातून जात नाहीत, आणि आठवले की अजून टाळकं सरकतं.

*

पहिल्या लॉकडाउनमध्ये शेतकऱ्यांच्या खात्यात दोन-दोन हजार आले. काढायला मशीनवर अंगठा द्यायचा. वरून पोस्टर आलं, 'कुठेही हात लावू नका', आणि ते चिकटवायला सांगितलं नेमकं त्या मशीनच्या वर!

रांगेत आमच्या गल्लीतले नाना होते. दोन एकर वावर, बाजरी आणि कांदा. चार वेळा अंगठा दिला, मशीन घेईना.

मी म्हटलं, "नाना, रेषा झिजल्यात तुमच्या."

"वावरमा झिजन्यात, भाऊ. शेतकरी शे याना आखो कोणता पुरावा पाहिजे सरकारले?"

पाचव्यांदा घेतला एकदाचा.

*

गावात एक रिटायर साहेब आहेत. धुळ्यात बंगला, पेन्शन चालू. त्यांच्या घरात तिघांच्या नावावर मदत यायची.

मी विचारलं, "साहेब, पेन्शनवाल्यांना हे चालत नाही ना?"

"अरे, सरकार एवढ्या प्रेमानं देतंय. नाही म्हणणं बरं दिसतं का?"

आणि मी काय केलं? मुकाट्यानं तिघांची केवायसी करून दिली. साहेबांचा राग आला, त्याहून जास्त माझा आला.

*

दुसऱ्या लाटेत नाना गेले. दवाखान्यातून परस्पर नेलं. त्यांच्या बायकोला, आमच्या अक्कांना, तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. महिन्याभरानं त्यांच्या खात्यात पुढचा हप्ता आला.

अक्का पासबुक घेऊन माझ्याकडे. "भाऊ, ज्यास्ना पैसा त्या ते गयात. ह्या परत कशा करू?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

त्यांना घेऊन तहसीलला गेलो. क्लार्क म्हणाला, "परत घ्यायचा आदेशच नाही." बँकेत गेलो. "खातेदार मयत. खातं बंद. वारसाचे कागद आणा."

म्हणजे पैसे काढता येईनात आणि परतही करता येईनात!

*

दोन वर्षांनी आदेश निघाला. नोटीस कोणाला आली? साहेबांच्या तिघांपैकी एकालाही नाही. अक्कांना आली. 'अपात्र लाभ परत करा, अन्यथा सातबारावर बोजा चढवण्यात येईल.'

वावर अजून नानांच्याच नावावर होतं, वारस नोंद अडकलेली. बोजा चढला तर वावर आपल्या नावावर होणारच नाही, ही अक्कांना धास्ती. त्यांनी दारातली शेळी विकली. जे पैसे त्या बाईनं कधी हातात धरले नाहीत, ते भरायला! माझ्या तोंडात शिव्या येत होत्या, आणि अक्का नोटा सरळ करत होत्या.

*

तहसीलला पैसे भरले. क्लार्कनं पावती काढून दिली. अक्कांना वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवली. वर नानांचं पूर्ण नाव, तारीख आजची. खाली छापलेलं, 'लाभार्थ्याने स्वतः समक्ष हजर राहून रक्कम रोख भरली.'

अक्कांनी पुन्हा वाचायला लावलं. मग खिडकीशी गेल्या.

"त्या आठे येल व्हतात का, भाऊ?"

क्लार्क मान वर न करता म्हणाला, "सिस्टिममध्ये 'लाभार्थी इथं आले होते' असंच येतं, अक्का."

"मंग त्यासले घर का बरं नही धाडं?"