मोकळ्या ओळी

आत्या मेथी निवडत होती आणि मी शेजारी बसून तिने टाइप केलेली पाककृतींची फाइल लॅपटॉपवर तशीच निवडून साफ करत होतो. दुहेरी स्पेस, भरकटलेली टिंबं, मधल्या रिकाम्या ओळी. एकच कमांड लिहिली, एंटर दाबलं आणि सगळं झाडलेल्या अंगणासारखं लख्ख झालं.

आत्याने डोकावून पाहिलं. "प्रत्येक पदार्थाखालच्या चार ओळी कुठे गेल्या?"

"रिकाम्या होत्या, काढल्या."

"अरे, तू करशील तेव्हा तुझं लिहायला सोडल्या होत्या त्या."

रिकामं आणि राखून ठेवलेलं, यातला फरक कमांडला कळत नाही; मला तरी कुठे कळला होता? हसत जुनी फाइल परत उघडली. आत्याच्या ताटात निवडलेल्या पानांबरोबर कोवळ्या काड्याही होत्या. मेथीच्या भाजीखाली मी पहिली ओळ लिहिली : कोवळ्या काड्या टाकू नयेत.